टेंभूचे पाणी शिवाराला लागले. आता ते कोणी, किती आणि कशासाठी घ्यावे?

मुरमाड_रान
नमस्कार. आमचे गाव आटपाडी तालुक्यात आहे. बाजरी, मटकी, हुलगा आणि परतीचा पाऊस चांगला झाला तर शाळू (रब्बी ज्वारी), यापलीकडचे पीक आमच्या आजोबांनी पाहिले नाही. घरटी एक माणूस गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायासाठी परराज्यात, दुसरा मेंढरांमागे आणि उरलेले हंगामात ऊसतोडीला, अशीच गावाची रीत होती. कराड तालुक्यातील टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने वर आणणारी योजना १९९६ मध्ये मंजूर झाली, तेव्हा मी शाळेत होतो. आता माझा मुलगा महाविद्यालयात शिकतो आहे आणि बंदिस्त नलिकेचे तोंड आमच्या बांधापासून दोनशे पावलांवर आले आहे. पहिल्यांदा पाणी सुटले त्या दिवशी माझ्या आईने ओटी भरली. त्या पाण्याकडे पाहताना गावातील कोणालाही बोलणे सुचत नव्हते.

त्यानंतर तीन महिन्यांत गावात दोन तट पडले आहेत. पाणीवापर संस्था स्थापन करायची, यावर सर्वांचे एकमत आहे. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यावे आणि ज्याला जे पीक घ्यायचे ते घेऊ द्यावे, असे एका तटाचे म्हणणे आहे. दुसऱ्या तटाला पाणी कुटुंबागणिक समान हवे आहे, आणि ज्याच्याकडे अर्धा एकर आहे किंवा मुळीच जमीन नाही, त्यालाही त्यात वाटा हवा आहे. मी दुसऱ्या तटात आहे, पण माझी शंका प्रामाणिक आहे. समान वाटलेल्या थोड्या पाण्यात कोणाचेच भले होणार नाही, असे तर होणार नाही ना? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_शाखा_अभियंता
आपण प्रश्न योग्य वेळी विचारला आहे, कारण एकदा ऊस उभा राहिला की मग नियम करता येत नाहीत. आधी हिशेब मांडू. टेंभू योजनेच्या मूळ आराखड्यात २२ टीएमसी पाणी आणि ८०,४७२ हेक्टर लाभक्षेत्र गृहीत धरले होते. एक टीएमसी म्हणजे साधारण २.८३ कोटी घनमीटर. भागाकार केला तर नदीपाशी उचललेले पाणी हेक्टरी सुमारे ७,७०० घनमीटर पडते. वाटेतील गळती, बाष्पीभवन आणि रानातील वाया जाणारे पाणी मिळून निम्मे गेले असे धरल्यास पिकाच्या मुळाशी हेक्टरी ३,८०० ते ३,९०० घनमीटर पोहोचते. बंदिस्त नलिका आणि ठिबक असेल तर याहून अधिक पोहोचेल, पण सावध हिशेब हाच.

आता पिकांकडे पाहा. शाळूला ऐन गरजेच्या वेळी ७५ मिलिमीटरच्या दोन पाळ्या दिल्या, तर हेक्टरी १,५०० घनमीटर पाणी लागते. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षभरात २०,००० घनमीटर किंवा त्याहूनही अधिक लागते. म्हणजे एका हेक्टर उसात पाच हेक्टरांचा हक्क मुरतो. म्हणून ‘थोडे पाणी सर्वांना दिल्यास कोणाचेच भले होणार नाही’ ही भीती आकड्यांत टिकत नाही. ती भीती टिकते केवळ उसाचे मोजमाप डोळ्यासमोर ठेवले तर.

येरळाकाठ
अभियंता साहेबांनी मांडलेला हिशेब आमच्या भागात चळवळीने रस्त्यावर मांडला होता, हे नव्या वाचकांसाठी लिहितो. १९९३ पासून आटपाडीत दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर, सांगोल्याचे गणपतराव देशमुख असे वेगवेगळ्या पक्ष-संघटनांचे लोक एका मांडवात बसले आणि सातारा, सांगली, सोलापूर जिल्ह्यांतील तेरा दुष्काळी तालुक्यांनी एकच मागणी केली. नुसता कालवा त्यांना पुरेसा वाटत नव्हता, त्यांनी समन्यायी पाणीवाटप मागितले. के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्यांनी त्या मागणीला तांत्रिक पाया दिला. कुटुंबाला धान्य, चारा, सरपण आणि थोडे नगदी उत्पन्न मिळण्यासाठी किती पाणी लागते, तेथून त्यांनी गणित सुरू केले. म्हणजे आपल्या गावातील दुसऱ्या तटाची मागणी बाहेरून आलेली नाही. ज्या लढ्यामुळे ते पाणी वर चढले, त्याच लढ्याची ती मागणी आहे.

त्याआधीचे उदाहरण आमच्याच नदीवर आहे. खानापूर तालुक्यात तांदुळवाडी आणि बलवडी येथील लोकांनी येरळेवर बळीराजा धरण बांधले. नदीतील वाळू ठेकेदारांनी उपसून न्यावी आणि आमच्या विहिरी कोरड्या पडाव्यात, हे थांबवून लोकांनी त्याच वाळूच्या थोड्या विक्रीतून धरणासाठी पैसा उभा केला. गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार त्या कामात होते. पाण्यावर भूमिहीनांचाही हक्क आहे, असे तेथे आधीच ठरवले गेले.

वाळव्याचा_ऊसकरी
माझे मत काहींना रुचणार नाही, तरी मांडतो. मी ऊस पिकवतो आणि मला त्याची लाज वाटत नाही. उसाला एफआरपीचा (केंद्र सरकारने ठरवलेल्या किमान दराचा) आधार आहे, कारखाना तोड पाठवतो, गारपीट झाली तरी पीक पूर्ण जात नाही, आणि मुलीच्या लग्नाला उचल मिळते. डाळिंबाचे काय झाले? सांगोला आणि आटपाडीत तेल्या रोगाने आणि नंतर खोडाला छिद्रे पाडणाऱ्या किडीने उभ्या बागा काढाव्या लागल्या. शाळूला कोणता भाव मिळतो, हे शाळू करणाऱ्यालाच विचारा. शेतकरी आळशी आहे किंवा हावरा आहे म्हणून ऊस लावतो, असे समजणे हा आमच्यावर अन्याय आहे.

दुसरी गोष्ट अशी की, ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या योजनांचे वीजबिल प्रचंड असते. शासनाने ८१ टक्के भार स्वतः उचलून १९ टक्के शेतकऱ्यांवर ठेवला, तेव्हा कुठे पंप नियमित चालू लागले. ते १९ टक्के वसूल कसे होतात? मोठ्या प्रमाणात उसाच्या बिलातून कपात करून. शाळू आणि मटकीच्या बिलातून कोण कपात करणार आहे? ऊस नको म्हणणाऱ्यांनी आधी पंपाचे बिल कसे भरणार ते सांगावे.

मुरमाड_रान
आपण स्पष्ट लिहिले याबद्दल मनापासून आभार. आमच्या गावातील पहिला तट नेमके हेच बोलतो आणि वीजबिलाच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. या चर्चेतून ते मिळावे अशी इच्छा आहे.

शिरोळची_माती
ऊसकरी दादांच्या भावाच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. मात्र पाणी भरपूर मिळाल्यावर पुढे काय होते, हे आमच्या रानात येऊन पाहावे. माझ्या वडिलांच्या नावावर चार एकर काळी जमीन आहे. त्यातील अडीच एकर आज खारवट-चोपण आहे. वर्षानुवर्षे पाटाने पाणी, वरून रासायनिक खते आणि निचरा नाही, त्यामुळे खालचे पाणी वर आले आणि क्षार पृष्ठभागावर साचले. उन्हाळ्यात रान पांढरे दिसते. मिरज, वाळवा, शिरोळ या पट्ट्यात अशी जमीन किती तरी आहे. जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून निचरा करण्याचा उपाय आहे आणि आम्ही तो केलाही, पण एकट्याने करून चालत नाही. शेजाऱ्याच्या रानातील पाणी पुन्हा आपल्याकडे येते, आणि शेवटी नळी ओढ्यापर्यंत न्यावीच लागते.

आपली मुरमाड जमीन निचऱ्याची आहे, त्यामुळे आपल्यावर ही वेळ लवकर येणार नाही. पण खोलगट भागातील काळ्या पट्ट्यात ती येईल. संस्थेच्या नियमांत निचऱ्याची जागा आजच राखून ठेवा. आमच्या वडिलांच्या पिढीला हे कोणी सांगितले नाही, याचे दुःख मला आहे.

कऱ्हेपलीकडे
पुरंदर तालुक्यातून लिहितो. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानची सुमारे चाळीस एकर पडीक जमीन कराराने घेतली, ताली (उतारावरचे मातीचे बांध) आणि पाझर तलावाची कामे केली आणि त्यातून पाणी पंचायतीचे नियम तयार झाले. ते आजही आपल्या गावाला उपयोगी पडतील म्हणून लिहितो. योजना एकट्याची नसावी, गटाची असावी. पाणी जमिनीवर न मोजता माणशी मोजावे, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतके. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नसावा. जमीन विकली तर पाणी गटाकडे परत यावे. भूमिहीनालाही वाटा द्यावा. ऊस आणि त्यासारखी जास्त पाण्याची पिके घेऊ नयेत. खर्चाचा वीस टक्के भाग सभासदांनी आधी भरावा.

या नियमांवर माझ्या मामाचे कुटुंब उभे राहिले. अडीच एकरांवर गहू, भुईमूग, भाजीपाला आणि उरलेल्या रानात पावसाची बाजरी. त्या अडीच एकरांमुळे मामा मुंबईहून परत आला. पुढे काही योजना बंद पडल्या, हेही सांगितले पाहिजे. वीज महाग झाली, पाझर तलाव कोरडे पडू लागले, आणि जवळच मोठा पंप टाकून हवे ते पीक घेणाऱ्याला कोणी अडवले नाही. नियम पाळणाऱ्यांच्या शेजारी नियम नसलेला माणूस असेल, तर नियम टिकत नाही.

पांझराकाठ
शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. आमच्या साक्री तालुक्यातील फड पद्धतीचा इतिहास हेच सांगतो. आमची पांझरा आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील मोसम या नद्यांवर जागोजागी बंधारे, त्यातून निघणारा पाट, आणि पाटाखालच्या सगळ्या जमिनीचे फड. एका फडात एकच पीक घेतले जाई, आणि बहुतेक प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असे. त्यामुळे पाणी कमी असले की एखाद्या फडाला पाणी नाही असे ठरे, एखाद्या माणसाला नाही असे होत नसे. तोटा सर्वांमध्ये वाटला जाई. दारे फिरवणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या आणि त्यांच्यावर हवालदार, सगळे गावाने नेमलेले आणि धान्याच्या रूपात मेहनताना घेणारे. माझे पणजोबा पाटकरी होते. त्यांनी स्वतःच्या रानाला आधी पाणी लावले असे गावात कोणी कधी म्हटले नाही, हा आमच्या घराण्याचा अभिमान आहे.

नद्यांवर वरच्या बाजूला धरणे झाली, विहिरींची संख्या वाढली, आणि ज्याला स्वतःचे पाणी मिळाले त्याला फडाची गरज उरली नाही. मुरमाड_रान यांना माझी विनंती आहे की, नलिकेच्या पाण्याबरोबर गावातील विहिरी आणि बोअर यांनाही नियमांत आणावे. नलिकेचे पाणी ओढ्यात मुरून शेवटी विहिरीतच उतरणार आहे.

सरला_आटपाडी
मी याच तालुक्यातील आहे. माझे वडील मेंढपाळ आहेत आणि आमच्या नावावर सव्वा एकर रान आहे. या चर्चेत पिकांबद्दल भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून मी वेगळी बाजू मांडते. माळ बागायत झाला की मेंढरांना चरायला जागा उरत नाही. पूर्वी खळे उठल्यावर मेंढरे रानात बसवायला लोक बोलवत आणि खताच्या बदल्यात धान्य देत. आता बारा महिने हिरवे रान झाले की कुंपण येते. पाण्यावर आमचा हक्क असावा असे वाटत असेल, तर गायरानातील चाऱ्यासाठी आणि जनावरांच्या पिण्यासाठी आधी पाणी राखून ठेवा. २०१२-१३ मध्ये आमच्या गावाने चारा छावणीत महिने काढले. गायी दावणीला, माणसे ताडपत्रीखाली, आणि मी बारावीचा अभ्यास छावणीच्या दिव्याखाली केला. चाऱ्याला पाणी असते, तर आम्ही घरी असतो.

आणखी एक गोष्ट. संस्थेचे सभासदत्व सातबाऱ्यावर नाव असेल त्यालाच मिळणार असेल, तर गावातील बहुतेक स्त्रिया बाहेर राहतील. रात्री पाळी आली तर दारे धरायला मात्र त्याच जातात.

मुरमाड_रान
सरलाताई, आपण लिहिलेले वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. छावणीत आम्हीही होतो. गायरानाचा मुद्दा आमच्या मसुद्यात नव्हता; तो मी लिहून घेतला आहे.

ओझरचा_टेलवाला
वीजबिलाच्या प्रश्नाचे थोडे उत्तर आमच्याकडे आहे. नाशिक जिल्ह्यातील वाघाड धरणाच्या कालव्याच्या अगदी शेवटी, म्हणजे टेलला, आमचे ओझर आहे. कालवा होता, पण पाणी आमच्यापर्यंत येत नसे. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने पुढाकार घेतला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीस टेलच्या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी हेक्टरवर न देता घनमीटरवर मोजून घ्यायचे ठरले. मोजून घेतलेल्या पाण्याचे पैसे लोक भरतात, कारण आपल्याला किती मिळाले हे त्यांना दिसते. शेतकऱ्याने न मिळालेल्या पाण्याची पट्टी भरायची नाही आणि मिळालेल्या पाण्याची थकवायची नाही, एवढे साधे सूत्र होते. ओढ्यांवर छोटे बंधारे घालून पाटाचे पाणी विहिरींत साठवले. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले.

२००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने संस्थेला पाण्याचा ठराविक कोटा आणि त्या कोट्यात पीक निवडण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यामुळे ऊसबंदीचा ठराव करून भांडण ओढवून घेण्यापेक्षा कोटा ठरवा. ज्याला आपल्या कुटुंबाच्या कोट्यात ठिबकवर दहा गुंठे ऊस करायचा आहे, त्याने करावा. पट्टी पाणी सुटण्यापूर्वी भरून घ्यावी, म्हणजे कारखान्याच्या कपातीवर अवलंबून राहावे लागणार नाही.

वाळव्याचा_ऊसकरी
ओझरच्या दादांचे म्हणणे मला पटले. बंदीला माझा विरोध होता, मोजून देण्याला नाही. मात्र एक अट लक्षात ठेवा. आगाऊ पट्टी घ्यायची असेल तर पाळीची तारीख चुकता कामा नये. माझ्या चुलत्यांनी एका वर्षी पैसे भरले, पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज वेळेत दिला आणि आवर्तन वीस दिवस उशिरा आले. शाळू पोटरीत असताना पाणी हवे होते, ते कणीस वाळल्यावर आले. त्या वर्षापासून त्यांनी शाळू सोडून ऊस धरला. वीस दिवस ताण पडला तरी ऊस मरत नाही. कोरडवाहू पिकांना पाणी कमी लागते हे खरे आहे, पण ते त्याच आठवड्यात लागते. पाणी देणाऱ्याचा भरवसा नसेल, तर शेतकरी ताण सोसणारे पीकच धरणार.

निवृत्त_शाखा_अभियंता
या संपूर्ण चर्चेतील सर्वांत मोलाचा मुद्दा ऊसकरी यांनी आता मांडला आहे आणि खात्यात तीस वर्षे काढलेला माणूस म्हणून मी तो मान्य करतो. संरक्षित सिंचनाचे, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी मोजक्या पाळ्या देण्याचे, नियोजन कागदावर सोपे असते. प्रत्यक्षात आम्ही कालवा भरण्याच्या सोयीने आवर्तन सोडत असू, पिकाच्या गरजेने नाही. उपसा योजनेत एका टप्प्यावरील पंप बंद पडला की पुढचे सगळे टप्पे थांबतात. यावर उपाय म्हणजे गावात साठवण. पाझर तलाव, ओढ्यावरील बंधारे आणि शेततळी आवर्तनात भरून घ्यावीत, म्हणजे पाळीची तारीख गावाच्या हाती राहील. शेततळे मात्र बोअरच्या पाण्याने भरू नये. भूगर्भातील सुरक्षित पाणी उपसून उन्हात वाफेसाठी ठेवण्यासारखे ते आहे.

दुधनाकाठ
जालना जिल्ह्यातून एक विनंती करतो. ज्यांच्याजवळ कृष्णा नाही, त्यांचाही विचार या धाग्यात व्हावा. आमच्याकडे उचलण्याजोगी बारमाही नदी नाही आणि खाली काळा पाषाण आहे. आमच्या जिल्ह्यातील कडवंचीने माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामे केली आणि शेततळ्यांवर द्राक्षे उभी केली. त्या गावाबद्दल मला आदर आहे. परंतु प्रत्येक गावाचा पाऊस, उतार आणि माती तशी नसते. आमच्या रानात एका बांधबंदिस्तीने आणि रुंद सरीने कपाशी-तुरीला आठ-दहा दिवसांची जास्तीची ओल मिळते, आणि त्या आठ-दहा दिवसांवर वर्ष निभावते. सिंचनाचा विस्तार म्हणताना ही ओलही मोजली जावी. आपल्याकडे नलिका आली म्हणून ताली फुटू देऊ नका.

येरळाकाठ
दुधनाकाठ यांचे म्हणणे रास्त आहे. आटपाडीतही जुन्या माणसांच्या ताली आज मोडकळीला आल्या आहेत. पाणी येणार म्हणून लोकांनी पंचवीस वर्षे त्यांच्याकडे पाहिले नाही.

मुरमाड_रान
दोन आठवड्यांनी लिहितो आहे. या धाग्याच्या प्रती काढून ग्रामसभेत वाचल्या. वाचन पाऊण तास चालले आणि कोणी उठून गेले नाही. ऊसकरी दादांचा आवर्तनाचा मुद्दा वाचताना आमच्या पहिल्या तटातील मंडळींनी मान हलवली, आणि सरलाताईंचे लिहिलेले माझ्या आईने पुन्हा वाचायला लावले.

पुढील गोष्टींवर सहमती झाली आहे. गायरानातील चाऱ्यासाठी आणि जनावरांसाठी पाणी आधी बाजूला काढले जाईल. उरलेल्या पाण्याचा निम्मा भाग कुटुंबागणिक समान आणि निम्मा जमिनीच्या प्रमाणात असेल. मला सगळेच समान हवे होते, पण हा तोडगा दोन्ही बाजूंनी स्वीकारला आणि तीन वर्षांनी पुन्हा बसायचे ठरले आहे. भूमिहीन कुटुंबाने आपला वाटा कोणाच्या रानात निमबटाईने लावायचा असेल, तर त्याचा करार संस्थेत नोंदवला जाईल. पाणी घनमीटरवर मोजले जाईल, पट्टी आगाऊ घेतली जाईल, ऊसबंदी असणार नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या स्त्रियांना कायद्याने सभासद करता येईल की नाही यावर वाद झाला. ते स्पष्ट होईपर्यंत प्रत्येक घरातून पती-पत्नी दोघांनी सभेस यावे आणि दोघांचे मत नोंदवावे, असा ठराव केला.

विहिरी आणि बोअर यांच्यावर सहमती झाली नाही. त्या विषयावर आवाज चढले आणि सभा आटोपावी लागली. पांझराकाठ यांनी सांगितलेला धोका मला दिसतो आहे, पण स्वतःच्या पैशाने पाडलेल्या बोअरवर गावाचा नियम मानायला लोक आज तयार नाहीत. यावर कोणाच्या गावात तोडगा निघाला असेल, तर जरूर कळवावे.

पांझराकाठ
आमच्याकडे पूर्ण तोडगा निघाला नाही, पण एका गावाने उन्हाळ्यात नवीन बोअर पाडायचे नाही एवढाच ठराव केला आणि तो चार वर्षे टिकला. त्यांनी प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला गावातील दहा विहिरींची पाणीपातळी मोजून चावडीच्या भिंतीवर लिहायला सुरुवात केली होती. आधी ते मोजमाप सुरू करा; बोलणे नंतर सोपे जाते. नोंदवहीचा नमुना माझ्याकडे आहे, उद्या येथे टाकतो.

सरला_आटपाडी
मोजमापासाठी आमच्या गावातील महाविद्यालयातील मुली येतील. विहिरींची यादी तयार ठेवा.